तुर्की टोपीचा निवडुंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियन बेटांवरचा हा गोल, काटेरी निवडुंग एकदा पाहिला की लक्षात राहतोच, कारण त्याच्या डोक्यावर खरोखर टोपी असते. लोकांचे निम्मे प्रश्न त्या टोपीबद्दल असतात आणि बहुतेक गैरसमजही तिच्याचबद्दल. त्यामुळे खाली टोपीला झुकतं माप मिळालं आहे. ज्यांना फक्त निगा कशी राखायची एवढंच हवं आहे, त्यांनी सरळ मधल्या भागात उतरावं.

हा नेमका कोणता निवडुंग?

शास्त्रीय नाव मेलोकॅक्टस इंटॉर्टस. ‘मेलो’ म्हणजे खरबूज, आणि लहानपणी हे झाड कंगोरे असलेल्या हिरव्या खरबुजासारखंच दिसतं. कंगोरे साधारण १४ ते २०. प्रत्येक कंगोऱ्यावर ओळीने काट्यांचे झुबके असतात. काटे जाड आणि पिवळट तपकिरी असून चांगले दोन ते सात सेंटीमीटरपर्यंत वाढतात. गोळा साधारण फुटभर रुंदीपर्यंत जातो. टोपी धरून उंची क्वचित मीटरभर भरते, पण बरीच झाडं गुडघ्याच्या खालीच राहतात.

बहामा बेटांच्या दक्षिण टोकापासून टर्क्स आणि केकोस, प्वेर्तो रिको, व्हर्जिन बेटं आणि तिथून खाली कॅरिबियनच्या पूर्वेकडच्या लहान बेटांच्या माळेपर्यंत याचं घर आहे. जागा बहुतेक समुद्राकाठच्या: चुनखडीचे खडक, कोरड्या टेकड्या, खुरटी झुडपं.

लंडनच्या चेल्सी इथल्या औषधी बागेचे प्रमुख फिलिप मिलर यांनी १७६८ मध्ये याचं वर्णन ‘कॅक्टस इंटॉर्टस’ या नावाने केलं. मेलोकॅक्टस ही वेगळी प्रजाती म्हणून १८२७ मध्ये मांडली गेली आणि आजचं नाव १९१९ चं, इग्नाट्स उर्बान यांनी दिलेलं. यातली गंमत अशी की आपण उठता-बसता ‘कॅक्टस’ म्हणतो, पण लिनियसने वापरलेलं कॅक्टस हे प्रजातीचं नाव वनस्पतिशास्त्रात आता चलनातच नाही.

‘तुर्की टोपी’ हे नाव कुठून आलं?

टोपीच्या आकारावरून. गोल, उभट, तांबूस, वरून चपटी. जुन्या तुर्कांच्या फेझ टोपीसारखी. गोंडा तेवढा नसतो.

इंग्रजांना त्यात तुर्क दिसला, पण सगळ्यांना तो दिसला नाही. मार्टिनिक आणि ग्वादलूप या फ्रेंच बेटांवर याच निवडुंगाला ‘इंग्रजाचं डोकं’ म्हणतात! ब्राझीलमध्ये मेलोकॅक्टसच्या तिथल्या जातींना ‘मठवासी साधूचा मुकुट’ असं नाव आहे. प्वेर्तो रिकोच्या लोकांनी कुणाच्याच डोक्याला हात न लावता ‘किनाऱ्याचं खरबूज’ म्हणून विषय मिटवला. ज्याला जो शेजारी खुपत होता, त्याचं डोकं त्याने काट्यांवर बसवलं असं मला नेहमी वाटतं.

टर्क्स आणि केकोस या बेटसमूहाच्या नावातले ‘टर्क्स’ याच निवडुंगावरून आले असं मानलं जातं. त्या बेटांना १९६५ मध्ये मिळालेल्या राजचिन्हात ढालीवर तीन गोष्टी आहेत: मोठा शंख, शेवंड आणि हा टोपीवाला निवडुंग. ढाल पुढे ध्वजावरही आली. त्याआधीच्या ध्वजचिन्हात मिठाच्या राशी होत्या, कारण बेटांचा मुख्य धंदा मिठाचा. लंडनमधल्या चित्रकाराला त्या राशी म्हणजे बर्फाच्या झोपड्या वाटल्या आणि त्याने एका राशीला चक्क दार काढून दिलं. उष्ण कटिबंधातल्या बेटाच्या ध्वजावर एस्किमोंचं घर कित्येक वर्षं फडकत होतं. त्या मानाने निवडुंग काढताना चूक झाली नाही हे नशीबच.

ती टोपी म्हणजे फूल का?

नाही. फुलं टोपीतून येतात, टोपी हे फूल नव्हे.

निवडुंगाच्या शेंड्याशी एक वाढबिंदू असतो. लहानपणी तो हिरवे कंगोरे आणि काटे तयार करत राहतो. झाड वयात आलं की हाच वाढबिंदू आपलं काम बदलतो. त्यापुढे तो हिरवा भाग करतच नाही. करतो ती फक्त दाट पांढरी लोकर आणि तिच्यात खचाखच रोवलेले तांबूस राठ केस. थरावर थर चढत जातो आणि टोपी उंच होत जाते. तिला सेफॅलियम म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘डोकं’.

यातून दोन गोष्टी घडतात आणि त्या समजल्या की या झाडाचं बाकी सगळं वागणं उलगडतं. पहिली म्हणजे, टोपी आल्यावर खालचा गोळा जवळजवळ तेवढाच राहतो. पुढे झाड कितीही वर्षं जगलं तरी वाढते ती टोपी. दुसरी म्हणजे, टोपी हिरवी नसल्यामुळे तिला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. फुलं, फळं, लोकर, सगळा खर्च तो आहे तेवढाच हिरवा गोळा भागवतो. म्हणून टोपी येण्याआधीच्या वर्षांत गोळा किती भरला, यावर उरलेलं सगळं आयुष्य अवलंबून असतं.

टोपी किती वर्षांनी येते? लवकर आणता येते का?

बियांपासून वाढवलेल्या इंटॉर्टसला दहा वर्षं लागली तरी उशीर झाला असं समजू नये. भरपूर ऊन, ऊब आणि वाढीच्या दिवसांत वेळेवर पाणी मिळालं तर थोडं लवकर, हाल झाले तर बरंच उशिरा. खताचा मारा करून टोपी ओढून काढता येत नाही. नत्र जास्त झालं की गोळा पाणचट आणि मऊ होतो, आणि असा गोळा पहिल्या गारठ्यात बसतो.

मी तर म्हणेन की घाई नसलेलीच बरी. भरलेल्या गोळ्यावर उशिरा आलेली टोपी दिसतेही डौलदार.

टोपी आली म्हणजे झाड म्हातारं झालं का? मरणार का?

छे. टोपी म्हणजे वयात येणं. त्यानंतर झाड कित्येक वर्षं फुलतं आणि फळतं. केळीसारखं एकदा घड देऊन संपणारं हे झाड नाही.

मात्र टोपी आलेलं झाड बदल सहन करत नाही, हे खरं आहे. मुळं उथळ असतात आणि एकदा दुखावली की पुन्हा धरायला फार वेळ घेतात. टोपीसकट विकत आणलेलं झाड वर्षभरात गेलं, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा मुळं तोडून कुंडी बदललेली असते.

फुलं कधी येतात? मला कधीच दिसली नाहीत.

कारण ती इवलीशी असतात आणि लोकरीत अर्धी बुडालेली असतात. रंग गुलाबी, लांबी जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर. दुपारी उघडतात, संध्याकाळी मिटतात. सकाळी पाणी घालताना पाहणाऱ्याला ती दिसणारच नाहीत!

नळीसारखा आकार, भडक गुलाबी रंग आणि दिवसा उमलणं, हे सगळं हमिंगबर्डसाठी आहे. प्वेर्तो रिकोत या फुलांवर मुंग्या आणि बाहेरून आणलेल्या जातीच्या मधमाश्याही येतात. पण पक्षी आला नाही तरी अडत नाही. हे फूल स्वतःच्या परागांवरही बी धरतं, त्यामुळे घरात एकच झाड असलं तरी फळं येतात.

टोपीतून गुलाबी मिरच्या बाहेर येताहेत. हे काय आहे?

फळं. फूल सुकल्यावर फळ लोकरीच्या आतच, नजरेआड तयार होतं. पिकलं की टोपी त्याला अलगद वर ढकलते. काल काही नव्हतं आणि आज सकाळी तीन गुलाबी मिरच्या उभ्या, असा प्रकार होतो.

फळ खाता येतं. सालीला काटे नाहीत, आत पाणीदार गर आणि बारीक काळ्या बिया. चव सौम्य, किंचित आंबटगोड. एका फळात घासभरही ऐवज नसतो. बेटांवर ही फळं पक्षी आणि सरडे खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. अर्थात कीटकनाशक फवारलेल्या झाडाचं फळ तोंडात टाकू नये.

बेटांवर तर भरपूर पाऊस पडतो ना? मग तिथे निवडुंग कसा?

सगळ्या बेटांवर नाही, आणि एकाच बेटावर सगळीकडे नाही. या भागात व्यापारी वारे पूर्वेकडून येतात. डोंगराळ बेटांची वाऱ्याकडची बाजू पाऊस अडवून घेते आणि पाठीमागची कोरडी राहते. प्वेर्तो रिकोचं ग्वानिका इथलं शुष्क जंगल असंच डोंगरांच्या आडोशाला आहे. टर्क्स आणि केकोससारख्या सपाट बेटांवर ढगांना अडवायला डोंगरच नाही. तिथे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून बर्म्युडाहून मीठ गोळा करायला येणाऱ्यांनी झाडंही तोडली. झाडं गेली की पाऊस कमी होईल आणि मीठ बरं वाळेल, असा त्यांचा हिशेब.

शिवाय जमीन चुनखडीची, भेगाळलेली. पडलेलं पाणी तासाभरात खाली निघून जातं. वर ऊन, वारा आणि खाऱ्या पाण्याचे तुषार. म्हणजे हवा दमट पण मुळाशी कोरड, असा हा मुलूख आहे.

झाडाची तयारी त्याला साजेशी आहे. त्याचे कंगोरे पेटीच्या भात्यासारखे काम करतात: पाऊस पडला की मुळं वरच्यावर पाणी ओढतात, भाता फुगतो, कोरड पडली की मिटत जातो, पण साल फाटत नाही. पानांवरची रंध्रं इतर झाडं दिवसा उघडी ठेवतात. निवडुंगाला पानं नाहीत आणि खोडावरची रंध्रं तो रात्री उघडतो. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं बंद करून, त्याच साठ्यावर उन्हाच्या जोरावर अन्न तयार करतो. भर उन्हात दारं उघडी टाकली असती तर पाणी उडून गेलं असतं.

निगा इतर कॅक्टससारखीच का?

इथेच सगळे फसतात. वाळवंटी निवडुंगांबद्दल जे वाचलेलं असतं ते या बेटवाल्याला जसंच्या तसं लावलं की तो जातो.

वाळवंटातले, डोंगरमाथ्यावरचे बरेच निवडुंग हिवाळ्यात थंड आणि ठणठणीत कोरडे ठेवतात. त्यांना ते मानवतं, किंबहुना फुलं येण्यासाठी हवंच असतं. तुर्की टोपीच्या मुलखात कडाक्याची थंडी नाहीच. तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली फार काळ राहिलं की ती रुसते, आणि थंडीला ओली माती जोडून मिळाली की सडते. महिनोन् महिने पूर्ण कोरडी ठेवली तर तिची बारीक मुळं वाळतात आणि पुढे पाणी घालूनही उपयोग होत नाही.

म्हणून उबदार दिवसांत माती वाळली की भरपूर पाणी द्यावं, पाणी खालच्या भोकातून बाहेर पडेपर्यंत. थंड दिवसांत कमी करावं, पण पूर्ण तोडू नये. उबदार सकाळ बघून अधूनमधून थोडंसं. ऊन भरपूर हवं. सावलीतून आणलेलं झाड मात्र एकदम भर उन्हात ठेवलं तर भाजतं आणि भाजलेला डाग कायम राहतो. दोन-तीन आठवडे हळूहळू सवय करावी.

टोपीवर पाणी पडलं तर चालतं का?

मोकळ्या हवेत पावसाचे थेंब पडून वाळून गेले तर काही होत नाही, बेटांवरही पाऊस टोपी चुकवून पडत नाही. पण खोलीत वारा नसतो. लोकर ओली राहिली की बुरशी धरते आणि ती वाढबिंदूपर्यंत पोचली की झाडाला दुसरा शेंडा नसतो. कुंडीच्या कडेनेच पाणी घाला.

माती आणि कुंडी कशी हवी?

निचरा होणारी, खरखरीत. निम्म्याहून जास्त भाग जाड वाळू, विटांचा चुरा, प्युमिस किंवा परलाइट यांपैकी काहीही, उरलेलं चांगलं कुजलेलं खत आणि माती. समुद्रावरची वाळू आणून घालू नका. झाड खाऱ्या तुषारांत वाढतं हे खरं, पण तिथे पावसाने मीठ धुऊन जातं; कुंडीत ते साठत राहतं.

कुंडी रुंद आणि उथळ. टोपी येण्याआधी दर दोन-तीन वर्षांनी मोठ्या कुंडीत हलवायला हरकत नाही. टोपी आल्यावर शक्यतो हात लावू नका. अगदीच वेळ आली तर मुळांभोवतीचा मातीचा गड्डा न फोडता, उबदार दिवसांत, जसाच्या तसा उचलून ठेवा.

बियांपासून रोपं कशी करायची?

हा सर्वांत खात्रीचा मार्ग, आणि मला सर्वांत आवडणाराही. पिकलेलं फळ टोपीतून स्वतःहून वर आलं की चिमट्याने हलकेच ओढा. बिया चाळणीत धुऊन गर काढून टाका आणि कागदावर वाळवा. गर राहिला की हमखास बुरशी येते.

बारीक चाळलेल्या ओलसर मिश्रणावर बिया नुसत्या भुरभुरा, वरून माती टाकू नका. त्यांना उजेड लागतो. डब्याला पारदर्शक झाकण, २५ ते ३० अंशांची ऊब, थेट ऊन नाही. बरीच बी दोन-तीन आठवड्यांत उगवते. रोप म्हणजे सुरुवातीला हिरवी मोहरी असते. काटे दिसू लागले की झाकण रोज थोडं थोडं उघडं ठेवा. पहिल्या वर्षी रोपं एकमेकांच्या अंगाला खेटून राहिली तरी चालतात, उलट बरी वाढतात.

पिल्लं येत नाहीत का? शेंडा कापून लावता येईल?

सहसा पिल्लं येत नाहीत. शेंडा जखमी झाला तर कधी कधी बाजूने दोन-तीन डोकी फुटतात, पण त्यासाठी चांगलं झाड कापू नये. टोपी कापून लावली तर तिच्यातून नवा गोळा तयार होत नाही.

बुडाशी तपकिरी रंग चढतोय. सडतंय का?

बोटाने (किंवा काडीने, काट्यांमधून) दाबून बघा. कडक आणि कोरडं असेल तर वयोमानाने येणारी खरबरीत साल आहे, झाडाला त्याचं काही नाही. मऊ लागलं, पाणी सुटलं, वास आला, तर सडणं सुरू झालं. कुजलेला भाग निरोगी हिरवा गर दिसेपर्यंत कापून, जखम काही दिवस वाळू देऊन कोरड्या वाळूत ठेवता येतं. टोपी नसलेलं तरुण झाड यातून कधी कधी वाचतं. टोपीवालं वाचलेलं मी पाहिलेलं नाही.

टोपीत जास्तीचा कापूस दिसतोय.

पिठ्या ढेकूण. टोपीची स्वतःची लोकर पांढरीच असल्यामुळे या किडीला इथे आयती लपायची जागा मिळते. लोकर दाबून बसलेली असते, किडीचा कापूस सुटा आणि चिकट. झाडावर मुंग्यांची ये-जा वाढली असेल तर संशय धरा. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने एकेक टिपा, आणि आठवड्याने पुन्हा बघा, कारण अंडी राहतातच. मुळांवरही हीच कीड येते. झाड विनाकारण मलूल असेल तर कुंडीच्या खालच्या भोकाशी पांढरं काही दिसतंय का पाहा.

लाल-पिवळा गोळा वर बसवलेला कॅक्टस मिळतो, तोच का हा?

नाही. तो जिम्नोकॅलिसियमचा हरितद्रव्य नसलेला गोळा, दुसऱ्या निवडुंगाच्या हिरव्या खोडावर कलम केलेला. खालचं खोड बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटच्या जवळच्या नातलगाचं असतं.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. साध्या गोल कॅक्टसच्या डोक्यावर वाळलेली रंगीत फुलं गोंदाने चिकटवून विकतात. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणतात ते हेच! ओळखायची खूण सोपी आहे: चिकटवलेलं फूल कागदासारखं कडक असतं, रात्री मिटत नाही, महिनाभर तसंच राहतं. खरी टोपी कंगोऱ्यांच्या शेंड्यातूनच वर आलेली दिसते आणि तिच्यात लोकर व राठ केस असतात.

डिस्कोकॅक्टस या दक्षिण अमेरिकी निवडुंगाला मात्र खरोखर अशीच टोपी येते. त्याची फुलं मोठी, पांढरी, सुगंधी आणि रात्री उमलणारी. फुलं नसताना गोंधळ होऊ शकतो. एरवी डिस्कोकॅक्टस जास्त चपटा असतो.

माझ्याकडे जागा कमी आहे. याहून लहान जात आहे का?

आहे, आणि तीही बेटावरचीच. मेलोकॅक्टस मातान्सानस. क्यूबातल्या मातान्सास या प्रांतावरून नाव पडलं. गोळा जेमतेम आठ-नऊ सेंटीमीटरचा, टोपी केशरी-तांबडी आणि इंटॉर्टसच्या कितीतरी आधी येते. बियांपासून सहज होते, त्यामुळे बागांमध्ये भरपूर दिसते. निसर्गात मात्र ही जात अगदी थोड्या जागी उरली आहे. कुंडीत मुबलक आणि घरी दुर्मीळ, असं निवडुंगांच्या बाबतीत बऱ्याचदा होतं.

तुर्की टोपी निसर्गात धोक्यात आहे का?

किनारे हॉटेलं आणि घरांखाली जातात, तसं तिचं घरही जातं. बी ते टोपी हा प्रवास लांबचा असल्यामुळे उपटलेल्या एका जुन्या झाडाची जागा भरून यायला एक पिढी जाते.

प्वेर्तो रिकोत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हायपोजिओकॉकस नावाच्या पिठ्या ढेकणाने निवडुंगांना पछाडलं आहे. ही कीड वाढत्या शेंड्यावर बसते, शेंडा गाठीगाठींचा होतो, फुलं येईनाशी होतात. उंच खांबासारख्या निवडुंगांना तिचा सर्वांत जास्त त्रास आहे, आणि तुर्की टोपीही तिच्या तावडीतून सुटलेली नाही. याच गटातली कीड १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाने मुद्दाम आणून सोडली होती. तिथे हॅरिसिया हा परका निवडुंग कुरणं गिळत चालला होता आणि किडीने तो आटोक्यात आणला. एका खंडावरचं औषध दुसऱ्या बेटावर दुखणं झालं.

बेटावर फिरायला गेलो तर एखादं छोटं झाड आणता येईल का?

नाही. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा साइट्स करार १९७५ पासून लागू आहे आणि जवळजवळ सगळं निवडुंग कुळ त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. सीमेपलीकडे न्यायचं तर परवाना लागतो. मेलोकॅक्टसच्या ब्राझीलमधल्या चार जाती तर आणखी कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. आणि परवाना बाजूला ठेवला तरी, टोपी आलेलं जंगली झाड उपटलं की त्याची मुळं तुटणार आणि पुढे काय होतं ते वर सांगितलंच आहे. बागेत बियांपासून वाढवलेलं झाड घ्या.

उचलायचं कसं? काटे भयंकर आहेत.

वर्तमानपत्राची जाड घडी करून गोळ्याच्या पोटाभोवती पट्ट्यासारखी गुंडाळा, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि दुसरा हात कुंडीच्या खाली. काटे फड्या निवडुंगाच्या कुसळांसारखे कातडीत मोडून राहत नाहीत, टोचलं तर नुसतं रक्त येतं. टोपीला काटे नाहीत म्हणून तिलाच धरून उचलायचा मोह होतो. मी एकदा तसं केलं होतं, आणि लोकरीत बोटांचे चार खळगे पुढची तीन वर्षं दिसत होते.